विष उतरलं, न्यूमोनिया चढला: सांगली-मिरज पट्ट्यातल्या एका आयसीयूचा रिव्ह्यू, ५ पैकी ३ स्टार

आधीच सांगते, हॉस्पिटलचं नाव लिहिणार नाहीये. आमच्या तात्यांचा फॉलोअप अजून तिथेच चालू आहे, डॉक्टरांबद्दल माझी तक्रार नाही, आणि मला जे लिहायचंय ते त्या एका बिल्डिंगपुरतं नाहीच. सांगली-मिरज पट्ट्यातलं मोठं मल्टिस्पेशालिटी एवढं पुरे. ओळखलंत तरी नाव टाकू नका कृपया.

रिव्ह्यू आयसीयूचा आहे. लॉबीतल्या सोफ्याचा नाही, रिसेप्शनवरच्या फुलदाणीचा नाही. आपल्याकडे लोक काय लिहितात बघा, एकतर "स्टाफ कोऑपरेटिव्ह, एकदम क्लीन, डॉक्टर देवमाणूस" नाहीतर डायरेक्ट "लुटारू, जाऊ नका". मधलं काही नाहीच. पेशंट एका आजारासाठी आत गेला आणि तो बरा होत असतानाच तिथला दुसरा आजार लागला तर ते लिहायला रकानाच नाही कुठे. आणि मिरजेला तर अख्खी पंचक्रोशी येते, १८९४ साली मिशनरी डॉक्टर वानलेस साहेबांनी इथे हॉस्पिटल काढलं तेव्हापासून येतेय, आज आयसीयूबाहेरच्या बाकड्यावर बसलात तर निम्मं कानडी ऐकू येतं, अथणी, चिकोडी, रायबागहून माणसं आलेली असतात, त्यांनाही कळायला पाहिजे आत काय बघायचं ते.

तात्या म्हणजे माझे चुलते. साठीच्या आतले, शुगर आहे, बिडी तरुणपणापासून. पलूसकडे ऊस आहे. रात्रीची लाईट असली की पाणी पाजायला मळ्यात, आणि मोटरीच्या खोलीत खालीच पटकूर टाकून पडायचं, हे आपल्याकडे सगळ्यांचंच. पहाटे पोटात दुखतंय म्हणून घरी आले, काकीनं ओवा-मीठ दिलं, तासाभरात पापण्या उचलेनात आणि जीभ जड. चावल्याची खूण कुठंच नाही. मण्यार साप चावला की असंच असतं, दात इतके बारीक की जखम सापडत नाही, सूज नाही आग नाही, झोपलेल्या माणसाला कळतही नाही. ग्रामीण रुग्णालयातल्या तरुण डॉक्टरनं नुसत्या पापण्या बघून ओळखलं, विषावरचं इंजेक्शन तिथेच चालू केलं आणि १०८ नं पुढे पाठवलं. त्या पोराला माझ्याकडून ५ पैकी ६.

इमर्जन्सीलाही पूर्ण ५. पोचलो तेव्हा तात्यांना स्वतःची थुंकी गिळता येत नव्हती, घशात घरघर चाललेली, तिथल्या मॅडमनी डिपॉझिट बिपॉझिट काही विचारलं नाही, आधी घशात नळी घातली आणि व्हेंटिलेटर लावला, मग कागदपत्रं. नंतर आयसीयूचे मोठे सर बाहेर येऊन उभं राहून नीट बोलले, की मण्यारीचं विष नसांच्या टोकांना धरतं, इंजेक्शनानं रक्तातलं विष मरतं पण टोकांचं झालेलं नुकसान लगेच भरत नाही, ते आपलं आपण भरून यायला दिवस लागतात, तोवर यंत्रानं श्वास द्यायचा आणि वाट बघायची. मेंदू शाबूत असतो, माणूस आतून जागा असतो, फक्त बोटही हलवता येत नाही, म्हणून जवळ जाऊन बोलत जा, रडू नका. हे त्यांनी सांगितलं ते मला फार आवडलं कारण बाकी कुणी सांगत नाही.

म्हणजे केस तशी वाट बघण्याची होती. छातीला काही झालेलंच नव्हतं.

तीनचार दिवसांनी बोटं हलायला लागली, पापण्या अर्ध्या उघडल्या, चुलतभाऊ म्हणाला आता नळी निघणार, आणि त्याच रात्री ताप. सकाळी बेडका ओढून काढायच्या सक्शनच्या नळीतून पिवळसर हिरवा घट्ट बेडका यायला लागला, यंत्रातून द्यायचा ऑक्सिजन ४० टक्क्यांवर भागत होता तो वाढवत वाढवत ७० वर नेला, पांढऱ्या पेशी वाढल्या, आणि एक्स-रेत उजव्या बाजूला खाली नवा पांढरा डाग. डाग नवीन आहे हे महत्त्वाचं, कारण आल्या दिवशीचा एक्स-रे स्वच्छ होता आणि तो मी मोबाईलमध्ये काढून ठेवलेला. सर म्हणाले व्हेंटिलेटरचा न्यूमोनिया, व्हीएपी.

मी पूर्वी मिरजेतच एका लॅबमध्ये कल्चरच्या, म्हणजे जंतू उगवून ओळखायच्या, टेबलवर काम केलंय त्यामुळे हा शब्द मला नवा नव्हता, पण बाकड्यावर बसलेल्या आमच्या भावकीला तो नवाच होता. "न्यूमोनिया झाला? एसीनं झाला असेल." नाही हो. हिशोब असा आहे की अॅडमिट होऊन ४८ तास उलटल्यावर जो न्यूमोनिया होतो आणि जो येताना अंगात मुरत नव्हता, तो हॉस्पिटलचा धरतात. आणि नळी घातल्यापासून ४८ तासांनंतर झाला तर तो व्हेंटिलेटरचा. एसीचा संबंध नाही. यंत्र जंतू हवेबरोबर आत सोडतं असंही नाही मुख्यतः. घशातली नळी ही अडचण आहे. आपण जागे असताना घसा सतत पहारा देतो, थुंकी गिळतो, ठसका लागला की बाहेर फेकतो. नळी घातली की तो पहारा उठला. तोंडात आणि घशात थुंकी साठते, नळीभोवती जो फुगा असतो त्याच्या वर तिचं डबकं होतं, आणि फुग्याच्या कडेनं थेंब थेंब खाली झिरपत राहतं. त्यात आजारी माणसाच्या तोंडातले जंतू काही दिवसांत बदलतात, घरचे साधे जंतू जाऊन तिथे हॉस्पिटलातले टगे येऊन बसतात. नळीच्या आतल्या भिंतीवर पण जंतूंचा चिकट थर धरतो तो वेगळाच.

आता तात्यांचं पारडं आधीच जड होतं हे कबूल करायला पाहिजे, सगळा दोष हॉस्पिटलवर टाकणं मला पटत नाही. बिडीनं फुप्फुस आधीच खरवडलेलं, शुगर, विषामुळे खोकला नाही गिळणं नाही, आणि नळी घालण्याआधीच घरघर चालली होती म्हणजे थोडी थुंकी तेव्हाच खाली उतरली असणार. नाकातून पोटात फीडची नळी. शिवाय अॅसिडिटीचं इंजेक्शन रोज, ते अल्सर होऊ नये म्हणून देतात पण पोटातलं आम्ल कमी झालं की तिथे जंतू वाढायला मोकळीक, त्यामुळे गरज संपली की बंद करायचं असतं. वय, सीओपीडी (फुप्फुसाचा जुनाट दम लागण्याचा आजार), बेशुद्धी, डोक्याला मार, पुन्हा पुन्हा नळी घालावी लागणं, सीटीला वगैरे स्ट्रेचरवर हलवाहलवी, पाठीवर आडवं पडून राहणं, हे सगळं यादीत येतं. व्हेंटिलेटर लागलेल्या दहातल्या एकाला साधारण होतो असं पुस्तकातला आकडा सांगतो, पहिल्या पाचेक दिवसांत धोका सगळ्यात जास्त, दिवसाला ३ टक्के धरतात, मग हळूहळू उतरतो. तरी दिवस जितके जास्त तितकी एकूण बेरीज वाढणारच. आणि नळी नसलेल्यालाही होतो, आमच्या शेजारच्या बेडच्या आजी खुब्याचं हाड मोडून आलेल्या, व्हेंटिलेटरचा संबंध नाही, पण झोपून झोपून आणि झोपूनच पेज पाजल्यामुळे त्यांनाही हॉस्पिटलचाच न्यूमोनिया.

म्हणजे नशीब काही भाग. पण जो भाग नशिबाचा नाही त्याचाच रिव्ह्यू द्यायचाय.

चपला. आयसीयूच्या दारात मोठ्ठा बोर्ड, "पादत्राणे बाहेर काढावीत". सिक्युरिटीवाले काका या बाबतीत इतके कडक की एका आमदाराच्या माणसालाही बूट काढायला लावले, मी डोळ्यांनी बघितलं. आत निळ्या रबरी स्लिपर, वर हिरवा गाऊन, तोंडाला मास्क. सगळं झालं. आणि हाताचं? दारातल्या सॅनिटायझरच्या डिस्पेन्सरचं बटण दाबलं की फुस्स. रिकामा. रोज रिकामा नव्हता, पण मी जितक्या वेळा बघितला त्यातल्या निम्म्या वेळेला होता, आणि भरलेला असतानाही कुणी कुणाला थांबवून हात चोळायला लावत नव्हतं. अहो तात्यांच्या फुप्फुसात माझी चप्पल नाही जात, हात जातात. एका बेडचं सक्शन करून तेच ग्लोव्हज घालून दुसऱ्या बेडच्या मॉनिटरचं बटण दाबलं की झालं. जागतिक आरोग्य संघटनेनं हात कधी धुवायचे याचे पाच प्रसंग ठरवून दिलेत, पेशंटला हात लावायच्या आधी, स्वच्छ काम करायच्या आधी, अंगातल्या पाण्याशी संबंध आल्यावर, पेशंटला हात लावून झाल्यावर, आणि पेशंटच्या आजूबाजूच्या वस्तूंना हात लावल्यावर. त्याचं सुंदर रंगीत पोस्टर होतं तिथे, बेसिनच्या वरच. बेसिनला साबण पण होता. वापर कमी.

आणि नातेवाईक काही कमी नाहीत. गावाकडून टेम्पो भरून माणसं, प्रत्येकाला पाच मिनिटं आत जायचंय, कुणी अंगारा आणलाय, कुणी तीर्थ, एका पाहुण्यानं तर तात्यांच्या ओठावर तीर्थाचे थेंब सोडले, घशात नळी असलेल्या माणसाच्या! सिस्टर धावत आली. तिथे ओरडायला पाहिजे होतं तेवढं ती ओरडली, तिचं बरोबरच होतं.

आता रात्र. दिवसाची शिफ्ट खरंच छान होती. केरळच्या दोन सिस्टर आणि आपल्या जतची एक, हसतमुख आणि हाताला चपळ, दर दोन तासांनी कूस बदलणार, सक्शनला नवीन कॅथेटर घेणार, फीड द्यायच्या आधी बेडचं डोकं वर आहे का बघणार. फुग्याचा दाब मोजायचं छोटं मीटर पण वापरताना बघितलं, २० ते ३० सेंटीमीटर पाण्याएवढा लागतो, कमी झाला तर थुंकी झिरपते, जास्त झाला तर श्वासनलिका आतून दुखावते. हे मीटर बऱ्याच ठिकाणी कपाटातच असतं, इथे बाहेर होतं, त्याला माझा मान. पण रात्री ८ नंतर तीन व्हेंटिलेटरमागे एक सिस्टर, आणि तीही कधी नवीन मुलगी. व्हेंटिलेटरच्या एका पेशंटमागे एक नर्स हवी हे कागदावर सगळ्यांना पाठ आहे. पगार बघा, मग कळतं मुली का टिकत नाहीत. हॉस्पिटलच्या जाहिरातीत व्हेंटिलेटरचं मॉडेल जर्मनीचं आहे हे असतं, रात्री सिस्टर किती हे कधी नसतं.

याचा परिणाम काय तर पहाटे मी आत डोकावले तेव्हा तात्यांचा बेड सपाट. चादर बदलायला खाली केला असणार आणि मग परत वर करायचा राहिला, दुसऱ्या बेडचा अलार्म वाजला असेल. एवढीशीच गोष्ट. पण बेडचं डोकं ३० ते ४५ अंश वर ठेवणं हा या न्यूमोनियावरचा सगळ्यात स्वस्त उपाय आहे, फुकटच म्हणा ना. १९९९ साली बार्सिलोनात अभ्यास झाला होता, सपाट झोपवलेल्यांत ३४ टक्क्यांना न्यूमोनियाचा संशय आला आणि उशाकडून वर ठेवलेल्यांत ८ टक्के. अभ्यास छोटा होता, शंभरसुद्धा पेशंट नव्हते, आकडा जसाच्या तसा धरून बसू नका, पण दिशा कुणी नाकारत नाही, पोटातलं फीड उलटं घशात येतं आणि खाली जातं हे साधं आहे. मी सिस्टरला म्हटलं, "ताई, बेड वर करायचा राहिलाय का?" तिनं लगेच केला, सॉरी पण म्हणाली. तिला मी काय बोलणार, तिच्या डोळ्यावर झोप नव्हती, पाणी होतं.

तोंडाची काळजी याला २ स्टार. गॉजचा बोळा माउथवॉशमध्ये बुडवून फिरवायचा, तोही शिफ्टला एकदा. मोठ्या सरांना विचारलं तर त्यांनी स्वतःच सांगितलं की क्लोरहेक्सिडिनचा माउथवॉश पूर्वी सगळीकडे सांगायचे, २०२२ च्या अमेरिकन शिफारशीत तो काढून टाकलाय, आणि त्याऐवजी ब्रशनं दात घासा म्हणतात. साधा ब्रश! मग तो आमच्याकडे का मागितला नाही? मेडिकलमधून रोज पिशवी भरून सामान मागवत होते, डायपर, वाइप्स, कॅथेटर, ग्लोव्हजचे बॉक्स, त्यात तीस रुपयांचा ब्रश कुणाच्या यादीत नव्हता. सरांशी बोलणं झाल्यावर चुलतभावानं लहान मुलांचा मऊ ब्रश आणून दिला आणि दिवसाच्या सिस्टरनी तो वापरला, सक्शन लावून, कारण पाणी खाली जाता कामा नये. घरच्यांनी स्वतः घासायला जाऊ नका हां, नळी हलली तर भलतंच.

गुंगीच्या औषधाबद्दल मात्र शाब्बास. रोज सकाळी राउंडला गुंगी कमी करायची, माणूस किती जागा होतोय बघायचं, आणि स्वतःहून श्वास घेतो का याची परीक्षा. नळी जितकी लवकर निघेल तितकं बरं, या न्यूमोनियावर हाच खरा उपाय आहे, बाकी सगळं टेकू. काही ठिकाणी पेशंट शांत पडलेला बरा म्हणून गुंगी चालूच ठेवतात आणि नातेवाईकांनाही तेच बरं वाटतं, "झोपू दे बिचाऱ्याला".

कल्चरकडे येते, हे माझं खातं. ताप आल्यावर नळीतला बेडका लॅबला पाठवला तो नवीन अँटिबायोटिक चालू करायच्या आधी, ही मोठी गोष्ट, बऱ्याच ठिकाणी उलटं होतं आणि मग प्लेटवर काही उगवत नाही. रिपोर्टला दोनतीन दिवस लागतात, जंतू उगवायला वेळ लागतो तो काही पैसे देऊन कमी होत नाही, त्यामुळे रिपोर्ट का येईना म्हणून लॅबवाल्या मुलाला झापू नका. रिपोर्टमध्ये जंतू आला अॅसिनेटोबॅक्टर. मला बघूनच पोटात गोळा आला. आपल्याकडच्या आयसीयूत हा, क्लेबसिएला आणि स्युडोमोनास ही तीन नावं पुन्हा पुन्हा येतात. अॅसिनेटोबॅक्टर तर कोरड्या वस्तूंवर कित्येक दिवस जगतो, बेडचा कठडा, मॉनिटरची वायर, डॉक्टरांचा मोबाईल. खाली औषधांच्या रांगेत आर, आर, आर, आर, म्हणजे रेझिस्टंट, जंतू दाद देत नाही. मेरोपेनेमसारखं मोठं अँटिबायोटिक पण आर. कोलिस्टिनपुढे आय, म्हणजे इंटरमीजिएट, मधलंच.

इथे एक स्टार मी कापलाय. तात्या आले त्या दिवसापासूनच "सगळं कव्हर करायला" म्हणून मेरोपेनेम चालू होतं, साप चावलेल्या, ताप नसलेल्या माणसाला. अलीकडे शिरेतून अँटिबायोटिक गेलेलं असणं हे पुढे दाद न देणारा जंतू सापडण्याचं सगळ्यात मोठं कारण धरतात. साधे जंतू मरतात, रान मोकळं होतं, टग्या वाढतो. ज्युनियर डॉक्टरला विचारलं तर म्हणाला प्रोटोकॉल आहे. मोठ्या सरांना विचारलं तर क्षणभर थांबले आणि म्हणाले द्यायची गरज नव्हती. तेवढा प्रामाणिकपणा दुर्मिळ आहे म्हणून कापलेल्यातला अर्धा परत देते.

मग कोलिस्टिन. जुनं औषध आहे, किडनीला त्रास देतं म्हणून मधल्या काळात मागे पडलेलं, आता दुसरं काही उरलं नाही म्हणून परत काढलंय. आपल्या देशात कोंबड्यांच्या खाद्यातसुद्धा घालायचे, २०१९ ला सरकारनं जनावरांसाठी बंदी घातली. तात्यांचं क्रिएटिनिन (किडनी किती काम करते त्याचा आकडा) वाढायला लागलंच, रोज रक्त, लघवीचं माप, डोस कमीजास्त. डायलिसिसपर्यंत गेलं नाही. नळी लांबली म्हणून गळ्याला भोक पाडून ट्रॅकिओस्टॉमी केली, काकी सही करताना थरथर कापत होती, तिला वाटलं आता आवाज कायमचा गेला. कुणीतरी तिला दोन वाक्यांत सांगायला पाहिजे होतं की हे भोक नंतर बुजतं. शेवटी फिजिओवाल्या मुलानं सांगितलं, चहा पिता पिता.

कोलिस्टिनच्या सातव्या दिवशी सरांनी अँटिबायोटिक बंद केलं तेव्हा आमच्याकडेच भांडण. चुलतभाऊ म्हणतो अजून चारपाच दिवस द्या, पैशाचं बघू. सर म्हणाले ताप उतरलाय, ऑक्सिजन ३५ वर आलाय, सात दिवस बास, २०१६ च्या अमेरिकन गाइडलाइनमध्ये पण हेच आहे, जास्त दिलं तर पुढचा जंतू तयार होईल. बिल वाढवायची आयती संधी सोडणारा डॉक्टर बघून मला खरंच बरं वाटलं.

तात्या वाचले. हे सगळ्यांचं होत नाही. व्हेंटिलेटरच्या न्यूमोनियात जगभरचे आकडे २० ते ५० टक्के मृत्यूचे दिसतात, त्यात मूळ आजारानं जाणारेही आले, निव्वळ न्यूमोनियाच्या खात्यावर साधारण १३ टक्के धरतात. आमच्या मुक्कामात दोन बेडवरचे पडदे ओढले गेले, एक चिकोडीकडचा ट्रॅक्टरवाला होता डोक्याला मार लागलेला, त्याच्या भावाबरोबर आम्ही डबा वाटून खाल्लेला. वाचलेल्यांनाही हिशोब चुकत नाही. व्हेंटिलेटरचे दिवस आठवडाभर किंवा जास्तच वाढतात, हॉस्पिटलचा मुक्काम त्याहून वाढतो. तात्यांच्या मांड्या काटकुळ्या झाल्या, आधाराशिवाय संडासला जाता येईना, रात्री भलतंच बडबडायचे, मोटर चालू करा म्हणून ओरडायचे, आयसीयूतून आल्यावर असं होतं आणि बहुतेकांचं कमी होत जातं. आता काठीनं बांधापर्यंत जातात. आवाज घोगरा राहिलाय. बिडी सुटली, निदान आमच्यासमोर तरी.

बिलाला ३ स्टार. आकडा लिहीत नाही पण रोजचं पाच आकडी, आणि मण्यारीच्या उपचारापेक्षा न्यूमोनियाचा खर्च जास्त झाला, हे मी बिल दोनदा बेरीज करून बघितलंय. म्हणजे हॉस्पिटलात लागलेल्या आजाराचेही पैसे आपणच. महात्मा फुले योजनेत काय बसतं ते अॅडमिट करतानाच योजनेच्या टेबलावर आरोग्यमित्राला विचारा, डिस्चार्जच्या दिवशी विचारून उपयोग नाही. आणि फाइलची झेरॉक्स मागितली तर "डॉक्टर सही करतील मग" असं आठवडाभर चाललं. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमात लिहिलंय, मागितल्यापासून ७२ तासांत रेकॉर्ड द्यायचं. लेखी अर्ज दिला, पोचपावती घेतली, मग लगेच मिळालं.

तुम्हाला कुणाला आयसीयू निवडायची वेळ आली, आणि निवडायला वेळ असला (बहुतेकदा नसतोच), तर व्हेंटिलेटर कुठल्या कंपनीचा विचारत बसू नका. विचारा की रात्री एका सिस्टरमागे व्हेंटिलेटरचे किती पेशंट, तोंड ब्रशनं साफ करता का, गुंगी रोज कमी करून बघता का, आणि तुमचा व्हीएपी रेट काय. हा रेट म्हणजे हजार व्हेंटिलेटर-दिवसांमागे किती केस, एनएबीएचचा (हॉस्पिटलच्या दर्जाची मान्यता देणारी संस्था) बोर्ड लावणाऱ्या हॉस्पिटलला हा मोजून ठेवावाच लागतो. मी विचारला तेव्हा पीआरओ मॅडम म्हणाल्या, "झिरो आहे." तात्या आत कोलिस्टिनवर असताना! इन्फेक्शन कंट्रोलच्या सिस्टरला गाठलं तर तिनं रजिस्टर उघडून खरा आकडा सांगितला. तो मी इथे लिहीत नाही कारण तिची नोकरी आहे. पण झिरो सांगणाऱ्यापेक्षा मला ती जास्त भरवशाची वाटली, शून्य म्हणणारे बहुतेक मोजतच नसतात.

आणि आत जाऊन उशी बघा, बेडचं डोकं वर आहे का, मोबाईलमध्ये कोन मोजायचं अॅप असतं ते लावून बघितलं तरी कुणी काही म्हणत नाही. नसेल तर सिस्टरला नीट शब्दांत सांगा. सॅनिटायझरची बाटली रिकामी असेल तर तीही दाखवा. परवा फॉलोअपला गेले तर दारातला डिस्पेन्सर नवीन, सेन्सरवाला, हात धरला की आपोआप येतं. भरलेला होता. त्यासाठी अर्धा स्टार वाढवणार होते पण साइटवर अर्धा देता येत नाही, म्हणून ३ च.

कॅन्टीन १ स्टार, उप्पीट गार आणि चहा पाणचट, त्यापेक्षा गेटबाहेरच्या गाड्यावर भडंग आणि चहा घ्या. पार्किंग मागच्या बाजूला आहे, फुकट. नातेवाईकांना झोपायला हॉल आहे पण डास फार, कासवछाप घेऊन जा.